तीनच्या पुढचे आकडे

"पण हे पाठ करून होतं काय?"

हा प्रश्न मी दादाला विचारला, रफिकभाईंना विचारला, अण्णांनाही विचारला. उत्तर कुणीच दिलं नाही. आता तर दादाच नाही. त्याच्याकडून उत्तर यायची शक्यता तशीही कमीच होती.

विषय पायचा आहे. गणितातला पाय. त्यावरून जो विनोद तुम्हाला सुचतोय तो आमच्या घरी सगळ्यांचा करून झालेला आहे. वर्तुळाच्या कडेची लांबी मोजायची आणि तिला त्याच्या रुंदीनं भागायचं. शाळेत बावीस सप्तमांश सांगून आपल्याला घरी पाठवतात, पण खरं उत्तर तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ असं सुरू होतं आणि संपतच नाही. ते न संपणारे आकडे माझा थोरला भाऊ पाठ करायचा.

गॅरेजमध्ये काम केलं की एक गोष्ट कळते. गाडी उघडा, साफ करा, पुन्हा जोडा. ती मस्त चालू होते, आणि तरी दोन बोल्ट हातात उरतातच! ते आपण डब्यात टाकतो. कधीतरी डबा जड लागतो. दादाचे किस्से माझ्याकडं असेच साचलेत. मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळं लिहिताना चुका होतील. होऊ द्या.

*

दादा उस्मानपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. तिथून दोन गल्ल्या सोडून रफिकभाईंचं टू-व्हीलरचं गॅरेज, तिथं मी. घर पडेगावला, आणि दोघांत स्कूटर एक. म्हणून क्लास सुटला की तो गॅरेजवर यायचा, उलट्या ठेवलेल्या टायरवर बसायचा आणि आकडे म्हणायला लागायचा. छापील कागद माझ्या हातात. तो चुकला की मी पाना फरशीवर आपटायचो.

एकदा एक गिऱ्हाईक प्लग बदलून घ्यायला थांबलं होतं. दादा सुरू झाला, "तीन, एक, चार, एक, पाच, नऊ, दोन, सहा, पाच, तीन..."

त्या माणसानं मोबाईल काढला, भराभर आकडे दाबले, कानाला लावला.

"लागत नाय हो हा नंबर!"

"पुढं अजून आहेत," दादा म्हणाला.

"व्हय, पण हाय कुणाचा?"

"सगळ्यांचाच."

*

रफिकभाई पहिले काही महिने काहीच बोलले नाहीत. त्यांना वाटायचं, हा आमच्या घरातला पूजापाठाचा प्रकार असेल. आमचे अण्णा, म्हणजे वडील, भिक्षुकी करतात. सत्यनारायण, वास्तुशांत, श्राद्ध, सगळं. म्हणून गॅरेजमध्ये माझं नाव 'पंडित'. ऑइलनं काळे झालेले हात घेऊन मी गाडीखालून बाहेर आलो की रफिकभाई गिऱ्हाइकाला सांगायचे, "घबराव नक्को, पंडित ने देखा है, गाड़ी पवित्र हो गई."

या आकड्यांत साडेसातशेच्या पुढं एक जागा येते. तिथं ओळीनं सहा वेळा नऊ आहे. एरवी या आकड्यांना काही शिस्त नाही, आणि तिथं अचानक सहा नऊ! दादाची ती लाडकी जागा. तो तिथं आला की त्याचा चेहरा खुलायचा.

पहिल्यांदा तो तिथवर पोचला तेव्हा आवाज चढवून म्हणाला, "नऊ! नऊ! नऊ! नऊ! नऊ! नऊ!"

रफिकभाईंनी गाडीवरून मान वर केली.

"पंडित, तेरा भाई अटक गया. जरा चोक खींच के देख."

*

मी शेवटी रफिकभाईंनाच विचारलं, "भाई, इतना याद करके फायदा क्या?"

ते चेन ताणत होते. म्हणाले, "तेरेकू गाने कित्ते याद हैं?"

"लई हैं."

"दो सौ?"

"होंगे."

"उसका क्या फायदा?"

मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलणार. मी वाट पाहत उभा राहिलो.

"खड़ा क्या है? पाना दे."

*

दादाच्या क्लासमध्ये फिजिक्सचे एक सर होते. ते एकदा त्याच्याबरोबर गॅरेजवर आले. दादा आकडे म्हणत होता आणि सर हसत होते. म्हणाले, "अरे, हे मोबाईलवर एका सेकंदात निघतं. तू येड्यासारखं डोक्यात काय भरतोयस?"

आता विचाराल तर मलाही तेच वाटायचं. पण माझ्या भावाला येडा म्हणायचा हक्क घरचा आहे, बाहेरच्यांचा नाही. सर चहाला गेले, तेवढ्यात मी त्यांच्या गाडीच्या दोन्ही चाकांची हवा सोडली.

दादानं ते पाहिलं. ओरडला नाही. कोपऱ्यातला हातपंप आणून माझ्यासमोर ठेवला. कंप्रेसरला हात लावायचा नाही म्हणाला.

"एका दाबाला एक आकडा. मी म्हणतो, तू दाब."

मागचं चाक भरेपर्यंत माझे खांदे गेले. सर आले, टायर दाबून पाहिलं आणि खूश झाले.

"फुकट हवा भरली का? भाऊ चांगला आहे रे तुझा!"

"हो," दादा म्हणाला, "त्याला पाय येतो आता."

*

खरा सामना घरी होता.

अण्णांना रुद्र तोंडपाठ, सूक्तं तोंडपाठ, कुठल्या श्राद्धाला काय म्हणायचं ते झोपेत विचारा. लहानपणी त्यांच्या वडिलांसमोर बसून, ऐकून ऐकून शिकलेले. पुस्तक हातात धरून म्हणणाऱ्या गुरुजींना ते गुरुजी मानत नाहीत. अशा माणसाला तरी पाठांतराचं कौतुक वाटायला पाहिजे की नाही?

एकदा जेवताना दादानं सहज चारेकशे आकडे म्हणून दाखवले. अण्णा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "याचा अर्थ काय?"

"अर्थ असा काही नाही अण्णा. आकडे आहेत."

"मग उपयोग काय?"

दादाला संधीच मिळाली. "तुम्ही रुद्र म्हणता, त्यातल्या शब्दाशब्दाचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?"

आईनं वाढता वाढता हात थांबवला. आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाही," अण्णा म्हणाले.

"मग त्याचा उपयोग काय?"

"दक्षिणा मिळते."

पण दादा हट्टी. म्हणाला, "अण्णा, मी हजार आकडे करणार आहे. न चुकता, एका बैठकीत. त्या दिवशी तुम्ही समोर बसायचं. बाकी काही नको. फक्त पूर्ण ऐकायचं."

"झाले की बघू," अण्णा म्हणाले आणि आचवायला उठले.

तेव्हापासून दादाचं सगळं त्यासाठीच चाललं होतं. बक्षीस नको होतं, पेपरात नाव नको होतं. अण्णांनी एकदा समोर बसून ऐकावं, एवढंच. रोज रात्री जेवण झालं की तो ओट्यावर बसून उजळणी करायचा. त्यानं सुरुवात केली की अण्णा उठून आतल्या खोलीत जायचे. एक दिवसही बाहेर बसले नाहीत. मला त्यांचा इतका राग यायचा की एकदा मी त्यांचं पंचपात्र माळ्यावर टाकून दिलं.

*

मध्ये एक स्थळ आलं होतं, लासूर स्टेशनचं. मुलीचे वडील मार्केटमध्ये धान्याचे व्यापारी. चहापोहे झाले, त्यांनी विचारलं, "मुलाला काही नाद?"

मी पटकन बोलून गेलो, "त्याला पायचे आठशे आकडे येतात!"

आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी बशी घेऊन आत जावं. पण मुलीच्या वडिलांनीच आग्रह केला, होऊन जाऊ द्या म्हणाले. दादा तीनशेपर्यंत गेला. व्यापारी मान डोलावत ऐकत होते. दादा थांबल्यावर म्हणाले, "छान. भाव चढताहेत का उतरताहेत?"

मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "मी एक विचारू? तुम्ही मध्ये कुठं चुकला असतात, तर आम्हाला कसं कळलं असतं?"

"नसतं कळलं," दादा म्हणाला.

त्यांच्याकडून नकार आला. दादा आठ दिवस हिरमुसला. नकाराचं काही नाही म्हणाला, पण पहिल्यांदाच कुणीतरी नीट ऐकलं होतं.

*

यंदा दादाला डेंगी झाला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला, मग ॲडमिट.

दवाखान्यात एक गंमत झाली. जे नातेवाईक आजवर म्हणायचे, आकडे पाठ करून काय मिळणार, ते सगळे आता दिवसभर आकडेच विचारायला लागले. प्लेटलेट किती? काल किती होत्या? सकाळपेक्षा किती उतरल्या? मावशीला तर आमच्या वॉर्डातल्या तीन पेशंटांचे पाठ होते.

मग ताप डोक्यात गेला. सिस्टर धावत बाहेर आल्या.

"पेशंट बडबड करतोय! काहीतरी आकडे बोलतोय!"

मी आत गेलो. त्याच्या तोंडाशी कान नेला.

"बडबड नाही सिस्टर. बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"चारशेच्या पुढं गेलाय तो."

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. पेशंट भ्रमात आहे म्हणाल्या, आणि सोबतच्या माणसालाही एकदा बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. कितव्या आकड्यावर होता ते मला माहीत नाही. मला औषधं आणायला खाली पाठवलं होतं.

*

दहाव्याला आम्ही कायगावला गेलो, गोदावरीकाठी. आमच्याकडचे सगळे तिथंच जातात. दादाचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून सगळं माझ्या हातून होतं. अण्णा आयुष्यभर लोकांचे दहावे करत आले, पण त्या दिवशी त्यांनी पोथीलाही हात लावला नाही. त्यांचे जुने जोडीदार गुरुजी होते. ते मंत्रात दोन ठिकाणी चुकले. एरवी अण्णांनी तिथल्या तिथं टोकलं असतं. त्या दिवशी मागं बसून राहिले, नुसते.

पिंड ठेवला. आता कावळा शिवायचा होता. शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही. कावळे होते भरपूर, घाटाच्या कठड्यावर ओळीनं बसले होते. पण एकही खाली येईना.

अशा वेळी एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. काका हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईवडिलांना अंतर देणार नाही रे." कावळे जागचे हलले नाहीत. मामा म्हणाले, "धाकट्याचं लग्न मी लावून देतो." काही नाही. रफिकभाई लांब, गाडीजवळ उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आपली टोपी नीट करत ते दोन पावलं पुढं आले.

"दादा, पंडित का पगार बढ़ाता मैं. सबके सामने बोल रहा हूँ."

कावळ्यांना ते पुरेसं वाटलं नाही. मला वाटलं होतं.

ऊन चढायला लागलं. गुरुजी घड्याळ पाहून म्हणाले, "दर्भाचा कावळा करू आणि शिववून घेऊ. चालतं तसं."

"थांबा," मी म्हणालो.

मी पिंडासमोर बसलो आणि सुरू केलं. "तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ. दोन सहा पाच तीन पाच. आठ नऊ सात नऊ तीन..."

काका कुजबुजले, "ह्याला काय झालं?" कुणीतरी त्यांना गप्प केलं. कागदाशिवाय मला पन्नास येतात, ऐकून ऐकून. "तीन सात पाच एक शून्य," मी म्हणालो आणि थांबलो. पुढचं काही केल्या आठवेना. कागद गॅरेजमध्ये, ड्रॉवरमध्ये. घाटावर तीसेक माणसं होती, त्यांत विचारावं असं कुणी नव्हतं. मला मोठ्यानं रडायला यायला लागलं, आणि तेही लोकांसमोर.

"पाच आठ दोन शून्य नऊ," मागून आवाज आला.

अण्णा होते. डोळे मिटलेले, पाठ ताठ.

मी त्यांच्याकडं पाहत राहिलो. त्यांनी डोळे न उघडता पुन्हा म्हटलं, "पाच आठ दोन शून्य नऊ. म्हण."

"पाच आठ दोन शून्य नऊ," मी म्हणालो.

"सात चार नऊ चार चार."

"सात चार नऊ चार चार."

ते म्हणत गेले, मी मागून म्हणत गेलो. दादा पाच पाच आकड्यांवर श्वास घ्यायचा, तेही तिथंच घेत होते. शंभर झाले. मध्येच गुरुजी मोठ्यानं म्हणाले, "शिवला! शिवला हो कावळा, झालं!" सगळे उठायला लागले. अण्णांनी नुसता हात वर केला. सगळे परत बसले.

दुसऱ्या शंभरात एक जागा आहे. तीन दोन आठ झाल्यावर तिथं दोन तीन येतं. दादा तिथं तीन दोन म्हणायचा. दर वेळी. गॅरेजवर मी दर वेळी त्याला अडवायचो, तो कपाळाला हात लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन दोन म्हणायचा.

अण्णा त्या जागेवर आले. श्वास घेतला.

"तीन दोन आठ तीन दोन," ते म्हणाले.

"तीन दोन आठ तीन दोन," मी म्हणालो.