देवीचा डावा डोळा

हमरापुरात गणपतीचे डोळे आखणाऱ्या बायका घरोघरी आहेत. पण देवीचे डोळे आखावेत ते कृष्णाबाईनेच. हे मूर्तींच्या कारखान्यातल्या दोघांनाच ठाऊक होतं. एक ती, दुसरा मालक हिरामण. चित्राखाली नाव मात्र एकाचंच असायचं.

लाकडाच्या फळीवर महिषासुरमर्दिनी रंगवायची, देवळात न्यायची आणि बुबुळं तिथंच, पडद्याआड, मुहूर्तावर भरायची, ही हिरामणच्या घराण्याची रीत. हिरामण आत जायचा. रंगाची वाटी धरायला म्हणून कृष्णाबाई जायची. आत गेल्यावर ब्रश तिच्या हातात यायचा. पडदा सरला की लोक हिरामणच्या पाया पडायचे.

त्याचं तिला काही वाटत नसे. वाटलं ते नऊ वर्षांपूर्वी. ती तापाने फणफणली होती, म्हणून एकोणीस वर्षांची अनिता, तिची मुलगी, पडद्याआड गेली. तिच्या हातून एक बुबुळ केसभर वर चढलं. कृष्णाबाई तशीच धावत देवळात आली.

"शेट, ओलं हाय अजून. मी पुसून घेते."

हिरामणने हात आडवा केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उघडलेला डोळा परत झाकायचा नाय. पोरीचा धक्का लागला माझ्या हाताला. अपशकुनी हाय ती."

त्या दिवसापासून अनिताला कुणी मूर्तीला हात लावू दिला नाही. आता ती डोलवीच्या पोलाद कारखान्यात, ठेकेदाराच्या कॅन्टीनमध्ये कांदे सोलते. कृष्णाबाई आखत राहिली. तिने राग सांभाळला, जसा बारीक ब्रश सांभाळतात, टोक मोडू न देता.

यंदा रोह्याकडच्या एका गावाने मोठी देवी मागितली. कृष्णाबाईने तीन महिने जीव ओतला. रेड्याच्या मानेवरचा केस न् केस काढला. डोळे तेवढे पांढरे ठेवले.

देवळात पडदा धरला गेला. हिरामणने खूण केली, "चल गो, वाटी घे."

"नको शेट. आमच्या घरच्यांचा धक्का लागतो."

आणि ती बायकांत जाऊन बसली. हिरामणने वाटी स्वतःच उचलली. गुरव म्हणाला, मुहूर्त टळेल. हिरामण एकटा आत गेला.

बराच वेळ आतून नुसता श्वास ऐकू येत होता. मग पडदा सरला. उजवा डोळा महिषासुरावर होता. डावा भलतीकडेच.

"बाय गो," शेजारी बसलेली पुतळीबाई पुटपुटली, "एका डोळ्याने राक्षस मारते, दुसऱ्याने चपला राखते काय?"

बायका पदरात हसल्या. हसू मागच्या पुरुषांपर्यंत गेलं. हिरामण रंगलेल्या बोटांनी कृष्णाबाईपुढे येऊन उभा राहिला.

"ओलं हाय अजून, कृष्णाबाय. पुसून घे."

ती उठली. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"उघडलेला डोळा परत झाकायचा नाय, शेट. माझ्या अनिताच्या वेळी तुम्हीच सांगितलंत."

"म्हणजे आजवर डोळे कोण आखत होतं?" गावच्या प्रमुखांनी विचारलं.

हिरामण स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. कृष्णाबाई परत बायकांत जाऊन बसली. सांगायला काही उरलं नव्हतं.

आरती सुरू झाली. कृष्णाबाईने वर पाहिलं. डावा डोळा भलतीकडे नव्हता, तिच्याकडे होता. एवढी देखणी देवी तिच्या हातून कधी उतरली नव्हती, आणि ती देवी आता कायमची अशीच तिरळी राहणार होती.

तिने हात जोडले नाहीत. नजरही खाली घातली नाही.