सातवा बोल्ट आणि माझा शेवटचा झटका

माझ्या हाताची ख्याती तुम्हाला कुणी सांगितली नसेल तर मीच सांगतो. आमच्या रस्त्यावर माझ्याखेरीज दुचाकी दुरुस्त करणारे सहाजण आहेत. त्यातले पाच अडले की माझ्याकडे येतात. सहावा येत नाही, कारण त्याला लाज वाटते. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही, पण गाडी कोपऱ्यावर असतानाच नुसत्या आवाजावरून मी सांगतो, कुठला व्हॉल्व्ह ढिला झालाय. आणि मी आवळलेला नट आजवर सुटलेला नाही. पाना लावायचा, आवळायचा, आणि सगळं झालं की वर एक शेवटचा झटका द्यायचा. ही माझी पद्धत.

पण सांगायचंय ते धाकट्या बहिणीबद्दल. शर्यतीच्या मोटरसायकलींची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात ती जोडणीचं काम करते. तिथे तिला सगळे ‘केसभर’ म्हणतात. कारण कुठलाही भाग हातात दिला की ती मोजते, डोळे बारीक करते आणि म्हणते, “केसभर जास्त आहे.” पाना धरायला तिला मी शिकवलं. हे मी रखवालदारापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंय. पुढचं सगळं ती आपलं आपण शिकली, हे मात्र मी सहसा सांगत नाही.

तिच्या इंजिनातला पिस्टन एका सेकंदात दोनशेहून जास्त वेळा वर जातो, थांबतो आणि उलटा फिरतो. दर वेळी त्याला मागे खेचून आणतो तो कनेक्टिंग रॉड, आणि तो रॉड क्रँकला, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याला, धरून ठेवतात दोन बोल्ट. करंगळीपेक्षा बारीक. ती म्हणते, “दादा, बोल्ट आवळायचा नसतो, ताणायचा असतो. जेवढा सांगितलाय तेवढाच ताणला, तर तो रबरासारखा आवळून धरतो. त्याच्यापुढे गेला की मेला. दिसतो तसाच, पण मेलेला.” म्हणून ती प्रत्येक बोल्टची लांबी आधी मोजते, आवळून परत मोजते, वहीत आकडा लिहिते आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या रॉडवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढते. रेघ सरळ आहे, म्हणजे बोल्ट जागचा हललेला नाही.

यंदा पहिल्यांदाच अख्खं इंजिन तिच्या सहीने जाणार होतं. त्या कारखान्यात सही म्हणजे सगळं. टेस्टमध्ये इंजिन पास झालं की सही कायम. नाही झालं, तर परत दुसऱ्यांचे भाग धुवायला बसायचं.

त्या दिवशी मी तिचा डबा घेऊन गेलो होतो. रखवालदार ओळखीचा, मला थेट आत सोडतो. खोलीत ती एकटीच होती. इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं, खालचं झाकण उघडं, आणि आत आठ बोल्ट, आठ पिवळ्या रेघा.

“झालं?” मी विचारलं.

“आठही झाले. झाकण तेवढं राहिलंय. तू कशाला हात लावू नकोस हं. मी झाकणाचं सील घेऊन आले.”

ती स्टोअरकडे गेली. मी एकटा. समोर माझ्या बहिणीचं पहिलं इंजिन. वाटलं, आपला हात नको का लागायला? पाना पडलेलाच होता. सातव्या बोल्टला लावला आणि दिला एक झटका.

बोल्ट मऊ गेला.

ज्यांनी पाना धरलाय त्यांना कळेल. नट घट्ट होत जातो तसा हाताला विरोध वाढतो. इथे विरोध वाढला, आणि मग एकदम लोण्यात गेल्यासारखा पाना सरकला. मला त्याच क्षणी कळलं. इतक्या वर्षांचा हात आहे माझा, न कळायला काय झालं! रेघ तुटून बाजूला गेली होती.

ती आल्यावर नुसतं म्हणायचं होतं, “बाई, घोळ झाला.” ती चार शिव्या देऊन नवा बोल्ट लावून मोकळी झाली असती. पण मी काय केलं? बोळ्याने रेघ पुसली आणि तिथेच पडलेल्या तिच्या पिवळ्या पेनाने नवी ओढली. ती आली तेव्हा मी डब्याचं झाकण पुसत उभा होतो.

“काही केलं नाहीस ना?”

“मी? मी कशाला करतोय!”

दुसऱ्या दिवशी टेस्टच्या खोलीच्या काचेबाहेर मी उभा होतो. शेजारच्या दोघांना सांगितलंही, बहिणीचं इंजिन आहे म्हणून. जीभच तशी. मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा नऊ हजारावर गेला, अकरावर गेला, तेरा हजार ओलांडले आणि धाडकन आवाज झाला. रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. काचेवर तेल उडालं. मी दोन पावलं मागे सरलो. ती जागची हलली नाही.

इंजिन खोललं. तुटलेला सातवा बोल्ट ट्रेमध्ये ठेवला. तिने तो उचलला, डोक्यावरची पिवळी रेघ बघितली, बराच वेळ बघितली, आणि मग मान वर करून माझ्याकडे.

साहेबांनी विचारलं, “हा कुणी आवळला?”

“सही माझी आहे, साहेब.”

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती धुवायच्या खोलीत.

घरी माझ्याशी ती नेहमीसारखी बोलायची. तेच सहन होत नव्हतं. आठवड्याने आमची ही म्हणाली, “अहो, आठ दिवस झाले, तुम्ही एक बढाई मारली नाहीत. डॉक्टरकडे जाऊ या का?” मला हसू आलं नाही. दुकानात नट आवळताना शेवटचा झटका द्यायला हात उचलायचो आणि तसाच खाली घ्यायचो.

अकराव्या दिवशी डबा घेऊन गेलो तो धुवायच्या खोलीत न जाता सरळ साहेबांसमोर. चार कारागीर उभे होते. त्यांच्यादेखत सांगितलं. झटका मी दिला, हेही. बोल्ट मऊ गेला, हेही.

“आणि रेघ?” साहेबांनी विचारलं.

“ती पण मीच ओढली. तिच्या पेनाने.”

चारही कारागीर माझ्याकडे वळले. झटक्याबद्दल त्यांनी मला माफ केलं असतं. रेघेबद्दल नाही, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. साहेबांनी तिला बोलावलं.

“तुला ठाऊक होतं?”

“रेघ बघितल्याबरोबर. दादा एका दमात ओढतो, टोकाला जाड होते. पण इंजिन उघडं टाकून मी गेले होते, साहेब. ती चूक माझी.”

“मग याचं नाव का नाही सांगितलंस?”

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ते त्याने सांगायचं होतं. मी वाट बघत होते.”

अकरा दिवस ती दुसऱ्यांचे पिस्टन धूत माझी वाट बघत होती.

सही तिला परत मिळाली. पुढचं इंजिन टेस्टमध्ये पास झालं. त्या दिवशी मी काचेजवळ नव्हतो. जोडणीच्या खोलीच्या दारावर फलक लागलाय, ‘काम चालू असताना घरच्या माणसांना आत प्रवेश नाही.’ मी डबा फाटकावर ठेवून निघतो.

परवा फाटकावर नवा रखवालदार होता. माझ्याच गाडीच्या सीटवर टेकून तो विचारत होता, “काका, घरच्या माणसांना बंदी, असला फलक मी कुठे बघितला नाही. कुण्या शहाण्यामुळे लावला असेल हो?”

‘मला काय ठाऊक!’ हे तोंडापर्यंत आलं होतं.

“माझ्यामुळे,” मी म्हणालो, आणि त्याच्या हातात डबा दिला.