उदबत्ती आक्काचं नाक

दौंडच्या रेल्वे कॉलनीत तिला सगळे उदबत्ती आक्का म्हणायचे, आणि तिच्या घरात उदबत्ती औषधालाही सापडायची नाही. तरी वास असा, की मनमाडकडं निघालेली एक मालगाडी तिच्या खिडकीसमोर पाऊण तास उभी राहिलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. लोक म्हणतात, सिग्नल नव्हता. सिग्नल होता. ड्रायव्हरच मान बाहेर काढून, डोळे मिटून बसला होता.

माझ्या बोलण्यातलं निम्मं कापून ऐकावं, असं माझी बायको सुमन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. कापा. उरलेलं निम्मंही त्या सत्तरच्या दशकातल्या दौंडला पुष्कळ होतं. कोळशाची इंजिनं दिवसभर धूर ओकायची. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन उतरायचा. क्वार्टरांच्या मागून उघडं गटार वाहायचं, त्याला तर आम्ही आडनाव द्यायचंच काय ते बाकी होतं. अशा ठिकाणी आक्काच्या दोन खोल्यांत शिरलं की माणूस चप्पल काढता काढता थबकायचा.

आक्का शिरूर तालुक्यातली, घोड नदीकाठच्या गावची. मालक पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. तिची एक खोड होती. पाहुणा दारात आला की ती त्याच्या डोळ्यांत बघायची नाही, नाकाकडं बघायची. "या, बसा" म्हणायची आणि तो टेकेपर्यंत नजर हलवायची नाही. नवीन माणूस गडबडून नाक पुसायला लागायचा. आम्ही म्हणायचो, आक्काला आपल्या घराचा भारी गर्व. ती म्हणायची, "माणूस टेकला म्हंजी घर झाक. च्या पिऊन बी उठंना, म्हंजी लई झाक."

आणि या सगळ्याला खर्च? काही नाही. फलाटावरचा रसवाला मोसंबीच्या साली फेकायचा, त्या आक्का ओच्यात घेऊन यायची, पत्र्यावर वाळवायची आणि स्वयंपाक उरकला की विझत्या शेगडीवर चार तुकडे टाकायची. भीमेच्या काठावरनं वाळ्याची मुळं उपटून आणायची, ती गोणपाटात शिवून खिडकीला टांगायची. भर दुपारी त्यावर तांब्याभर पाणी मारलं की झळसुद्धा आत येताना अंघोळ करून यायची. नळाखालच्या ओलीत गवती चहा, कपड्यांच्या ट्रंकेत मरव्याच्या काड्या. "इकत आणल्याला वास पाव्हण्यावाणी," ती म्हणायची. "दोन घटका बसतो आन् जातो. घरचा वास घरात ऱ्हातो."

मला हे पटायला आमच्या आबांचं आजारपण यावं लागलं.

आबा म्हणजे माझे वडील. बोलण्यात मला त्यांचा गुण लागला, पण त्यांच्यापुढं मी म्हणजे अगदी सत्यवादी माणूस. रोज दुपारी त्यांच्या खोलीत पत्ते पडायचे. रिटायर झालेले गार्डमामा तर जेवण तेवढं घरी करायचे. आणि एका सकाळी आबांची उजवी बाजू गेली. खाटेला खिळले. सुमन दिवसातून तीनदा त्यांचं सगळं करायची, तरी महिन्याभरात त्या खोलीनं वास धरला. गार्डमामा आधी खाटेशेजारी बसायचे. मग खुर्ची खिडकीशी गेली, मग दारात, आणि एक दिवस "येतो हं आबा" असं उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, ते गेलेच. मग कुणीच येईना. आबांची जीभ शाबूत होती, पण त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि बोलणं टाकलं. पुढं जेवणही टाकायला लागले. माझा बाप अर्धांगानं जाणार नव्हता. श्रोते नाहीत म्हणून जाणार होता.

मी शहाणपणा केला. पुण्याहून हिना अत्तर आणलं, उदबत्तीचे पाच पुडे आणले, आणि सगळं एकदम खोलीत सोडलं. देवा! जत्रेत घोडं मरावं आणि त्याची मिरवणूक निघावी, तसा वास झाला. शेजारची कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नाही.

तिसऱ्या दिवशी आक्का आली. थेट आत गेली, आबांच्या उशाशी टेकली, आणि दोन तास उठली नाही. नाकाला पदर नाही, कपाळाला आठी नाही. सुमन दारात उभी राहून डोळे पुसत होती. माया असावी तर अशी, असं मीही मनात म्हटलं.

बाहेर येऊन आक्कानं अत्तराची बाटली माझ्या हातात ठेवली. "भाऊ, पावडर फासली म्हून घाम जातो व्हय? आदी वास काढायचा. मग बरा वास बोलवायचा."

मग तिनं घर हातात घेतलं. कापसाची गादी आतपर्यंत मुरली होती, ती बाहेर गेली. तिच्या जागी गव्हाचं काड भरलेली पोती आली. ओलं झालं की काड बदलायचं. वर गोधड्या, रोज एक उन्हात. खाटेखाली शेगडीची चाळलेली राख पसरायची, सकाळी झाडून काढायची. फरशी कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं, खडेमीठ टाकून पुसायची. पहाटेचा वारा येईल म्हणून दोन्ही खिडक्या सताड उघड्या. मोसंबीची साल आणि ओव्याची चिमूट शेगडीवर पडली, ती आठव्या दिवशी. तोवर आक्का हात लावू देईना.

आणि परीक्षा माझी. रोज सकाळी मला बाहेर पिटाळायची, मग आत बोलवायची, आणि समोर उभी राहून माझं तोंड बघायची.

"वा आक्का, केवड्याचं बन झालं!" मी म्हणायचो.

"खोटं. डावी नाकपुडी हालली तुमची. सुमन, फरशी परत पुसू गं."

पंधराव्या दिवशी माझी नाकपुडी हलली नाही. आक्का तडक गार्डमामांकडं गेली. "मामा, आबांनी पत्ते मागितल्यात," म्हणाली. आबांनी काही मागितलं नव्हतं. खोटं बोलण्याचा मक्ता काही माझ्याच घराण्याकडं नव्हता.

गार्डमामा उंबऱ्यावर आले आणि थांबले. आक्काची नजर त्यांच्या नाकावर. मामांनी एकदा श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, मग दारातली खुर्ची ओढून खाटेला लावली.

"काय रे लबाडा, पत्ते कुठंयत?"

आबांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं. दीड महिन्यानं त्यांचा आवाज ऐकला. "पीस तूच. माझा एकच हात चालतो. चोरी करायला तेवढा पुरे."

त्यानंतर आबा दोन वर्षं जगले. गेले तेव्हा खोलीत नऊ माणसं होती. मी एरवी पन्नास सांगतो, पण नऊच होती.

पुढं आक्काचे मालक रिटायर झाले आणि दोघं गावी निघाली. निरोपाला सगळी कॉलनी एसटी स्टँडवर. सुमननं मला आक्काच्या देखतच मोगऱ्याचा गजरा आणायला धाडलं होतं. मोगरा संपला होता, म्हणून मी आबोली आणली. पानाचा पुडा, वरून दोरा बांधलेला. आक्कानं तो तसाच नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काय घमघमतोय हो मोगरा!"

आबोलीला वास नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आक्कानं माझं तोंड पाहिलं, आणि ते वाचण्यात तिचा हात कुणी धरला नसता. तिनं मला बाजूला घेतलं.

"कळलं व्हय, भाऊ?"

"आक्का, तुम्हाला..."

"न्हाई येत. आठ वर्साची हुते, तापात नाक गेलं. लग्न झालं त्या साली कणगीमागं उंदीर मेला. चार दीस पाव्हणं येत्यात, उठून जात्यात, आन् मलाच पत्त्या न्हाई. अख्खं गाव हासलं. तवापास्नं दुसऱ्याच्या तोंडावरनं वास घ्याया शिकले."

"मग आबांजवळ दोन तास बसलात ते?"

"त्यात माझं कसलं पुण्य? मला वास येतच नव्हता. पर आबांचं तोंड दिसत हुतं. त्यांस्नी सोताचा वास येत हुता, भाऊ. माणसं का येत न्हाईत, ते ठावं हुतं त्यांस्नी."

मी तिच्या हातातल्या पुड्याचा दोरा पुन्हा आवळून बांधला.

"कॉलनीत सांगू नका," ती म्हणाली. "नाकाची अब्रू हाय माझी." आता ती नाही, तिला नावं ठेवणारंही कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

शिरूरची गाडी लागली. आक्का खिडकीशी बसली. बायकांकडं बघत तिनं पुडा नाकाशी धरला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा श्वास ओढला. शेजारची बाई म्हणाली, "आक्काचं नाक बाई नाक! काय आहे हो पुड्यात?"

"मोगरा," मी म्हणालो. "इथवर येतोय की वास!"

आणि खिडकीतून आक्का माझी डावी नाकपुडी बघत होती. हलली नाही.