उपरण्याखालचा तिसरा हात

भूत, करणी, बाहेरची बाधा – हे रिकाम्या माणसांचे धंदे आहेत असं माझं मत होतं, आणि अजूनही पुष्कळसं तसंच आहे. मी बैलबाजारातला दलाल. बैलाचं वय मी मालकाच्या तोंडून ऐकत नाही, बैलाचे दात बघतो. तिथे ऐकीव भुताला कोण विचारतो... पण जे माझ्याच हाताला लागलं ते नाकारू कसं? इतकी वर्षं गप्प राहिलो ते भीतीनं नव्हे. माझ्या साडूमुळे.

अकोल्यातली गोष्ट. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मोर्णेच्या काठी एक जुनी जिनिंग फॅक्टरी कित्येक वर्षं बंद पडली होती. पत्रे गंजलेले, यंत्रं भंगारात गेलेली, आवारात बाभळी माजलेल्या. नदीकडची भिंत ढासळली होती आणि वस्तीचा कचरा तिथून थेट पाण्यात जायचा. लोकांना तिथे उकिरडा दिसायचा, मला बाजार दिसला. सावलीला शेड, बांधायला आवार, गुरांना प्यायला नदी. आणखी काय पाहिजे?

साडू म्हणजे वामनराव. त्यांच्या अडतीवर मी उमेदीची वर्षं घातली. सौदे मी जुळवायचे, गादीवर ते बसायचे. एकदा चार लोकांत हसत हसत म्हणाले, “दादाराव म्हंजे आपल्या घरचाच हमाल.” मी त्याच पावली अडतीवरून खाली उतरलो तो कायमचा. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

जिनिंगच्या मालकाच्या वारसांनी मला जागा करारानं दिली. अट एकच – मृगाच्या आत बाजार उभा राहिला पाहिजे, नाहीतर जागा वामनरावांना गोदामासाठी. म्हणजे मी पुन्हा त्यांच्याच दारात.

उन्हाळाभर आम्ही राबलो. बाभळी तोडल्या, कचरा उपसला, ढासळलेल्या भिंतीच्याच दगडांनी नदीपर्यंत गुरांसाठी उतार बांधला. शेडच्या तुळयांवरून इतकी जुनी रुई खाली आली की माझ्या बायकोनं, यमुनेनं, तिच्या उशा भरल्या. शेजारणी म्हणाल्या, अपशकुन होईल. ती म्हणाली, “होऊ द्या. झोप तं मस्त लागून राह्यली.”

तेवढ्यात वामनरावांनी गावोगाव पसरवलं – त्या जिनीत माणसं यंत्रात सापडली आहेत, तिथे बांधलेला बैल पुन्हा उठत नाही.

पहिल्या बाजाराच्या सकाळी शंभर पावलांवर रस्ता जनावरांनी भरलेला, आणि आत चिटपाखरू नाही. लोक तंबाखू मळत फाटकाकडे बघत उभे. समोरच्या चहाच्या दुकानात वामनराव बाकावर मांडी घालून बसलेले. माझं डोकं असं तापलं होतं की चहा त्यावरच उकळला असता.

आत आले एकटे रामभाऊ, तेल्हाऱ्याकडचे शेतकरी. तेही स्वतःहून नाही. त्यांची जोडी तहानलेली होती, पाण्याचा वास लागला तशी सरळ उतारावरून नदीत शिरली. मागे कासरा धरून रामभाऊ.

पाणी पिऊन बैल वर आले. पांढरेशुभ्र, एका मापाचे. पण घेणारं कोणी आत येईना, आणि पहिला सौदा झाल्याशिवाय आमच्याकडे दुसरा कोणी हात घालत नाही. शेवटी मी म्हटलं, “रामभाऊ, मीच घेतो जोडी.”

“घ्या ना. पन दलाल कोन?”

“मीच.”

“तुमी तं घेनारे. मंग मधात कोन?”

हे त्यांचं बरोबर होतं. सौद्यात तिसरा माणूस लागतोच, मग समोरासमोर सख्खे भाऊ का असेनात. उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, आणि दलालानं एकदा याचा हात धरायचा, एकदा त्याचा. पण त्या आख्ख्या बाजारात माझ्याइतका चांगला दलाल मला तरी माहीत नव्हता. मी म्हटलं, “मधात कोनी काहून पाह्यजे? आपन दोघं काय लहान लेकरं हावो?”

उपरणं टाकलं. खाली हात घातला आणि समोरचा हात लागला. खरखरीत, ऊबदार हात. मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. मी बैलाचे दात, खूर, खांदा सगळं पाहिलं होतं, रामभाऊंचे हात कशाला पाहीन? वाटलं, बिचाऱ्याची बोटं गेलेली दिसतात. दया येऊन भाव चढायला नको म्हणून मी आभाळाकडे पाहू लागलो.

मी भाव दाबला. त्या हातानं माझ्या मनगटावर हलकेच थोपटलं, आपण उधळलेल्या गोऱ्ह्याला थोपटतो तसं. मला थोपटतो? मी ओरडलो, “रामभाऊ, सौदा करा, लाड नका करू.” तेही तितकेच लाल होऊन म्हणाले, “लाड तुमी करून राह्यले का मी?”

आमचे आवाज चढले तसे रस्त्यावरचे लोक फाटकात आले. भुताची भीती खरी, पण भांडण सोडून बाहेर कोण थांबतो? बघता बघता आमच्याभोवती कडं झालं. मी हात झटकायला गेलो तर त्या हातानं सोडला नाही. शांतपणे माझी बोटं दाबली – आणि भाव दिला. मी मनात ठरवलेला शेवटचा भाव. नेमका तोच, कमी नाही, जास्त नाही.

मी दाबून होकार दिला. त्याच क्षणी रामभाऊ म्हणाले, “दिले.”

उपरणं काढलं. माझा हात माझ्या पोटाशी, त्यांचा त्यांच्या पोटाशी. मधे वीतभर मोकळी जागा. दोघांच्याही मुठी अर्धवट मिटलेल्या, काहीतरी धरल्यासारख्या. आणि रामभाऊंच्या हाताला पाचही बोटं.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “दादाराव, तुमची बोटं तं पुरी हायेत.”

“तुमची बी.”

“मंग मी कोनाचा हात धरला होता?”

मी काही बोलणार तोच त्यांनी माझा दंड दाबला. “आता गप ऱ्हा. पाहा.”

मी वळून पाहिलं. फाटकातून जोड्या आत येत होत्या. घुंगरं, शेण, धूळ, हाका... कोणी शेडमध्ये दावणी ठोकत होतं, म्हशी थेट पाण्यात बसल्या होत्या, उतारावर भज्यांची कढई चढली होती. यमुना गूळ-फुटाणे वाटत सुटली, वामनरावांच्या हातावरही तिनं मूठभर ठेवले. त्यांनी खाल्ले. मी रडलो म्हणतात. धूळ गेली होती डोळ्यांत.

पुढे मी आडवळणानं सखूबाईंना विचारलं. त्या पूर्वी त्याच जिनीत सरकी वेचायच्या, आता फाटकाशी भाजी विकत. म्हणाल्या, “दोन बोटं नसलेला? अशा हाताचे मानसं या जिनीत कितीक होते, भाऊ. कोनाचं नाव सांगू?”

खरं बोलावं तर वामनराव खरे ठरत होते, म्हणून आजवर बोललो नाही. आता वाचतील आणि म्हणतील, मी सांगत नव्हतो? सांगत होतात. पण तुम्ही सांगितलेलं भूत बैल खाणारं होतं. मला भेटलं त्यानं माझी बोहनी करून दिली. सोयऱ्यांपेक्षा बरं.

कोणी म्हणतं, गर्दीतल्या माणसानं हात घातला असेल. रामभाऊंच्या आणि माझ्या मधून मांजर गेलं नसतं, इतके आम्ही भांडणाला चिकटलो होतो. समजा, घातलाही. पण माझा शेवटचा भाव फक्त मला माहीत होता. बायकोलाही सांगितला नव्हता. रामभाऊ शपथेवर सांगतात, त्यांचाही शेवटचा भाव तोच होता आणि तोही त्यांच्या मनातच होता. आयुष्यभरात माझ्याकडून शेवटचा भाव न बोलता काढून घेणारा दुसरा कोणी भेटला नाही. त्यानं तो कसा ओळखला, हे मला आजही कळलेलं नाही... आणि खरं सांगतो, या एका गोष्टीचा मला अजून राग येतो.