लूमवाल्यांच्या कानातले बोळे

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बोळे वळणं. सकाळचा चहा झाला होता. सुरतेत डिंडोलीच्या आमच्या ओट्यावर ती कापूस कोमट मेणात बुडवून द्यायची, मी चिमटीत वळायचो. माझा एक बोळा उचलून तिनं डोळ्यांपुढं धरला.

"हा माणसाच्या कानात घालायचा की बैलाच्या?"

"शेठच्या घालू."

ती हसली. तिचं हसणं मला दिसायचं, ऐकू यायचं नाही. बोलणंही मी ओठांवरूनच ओळखायचो.

तिथून जवळच उधन्याला लूमच्या खात्यात, कापड विणायच्या कारखान्यात, माझा जन्म गेला. कानही तिथंच गेले. मला त्याचं काही नव्हतं, तिला होतं. आमची भांडणं सगळ्या गल्लीला ऐकू जायची, आणि मलाच जायची नाहीत, याचा तिला फार राग. मी काम सोडून घरी बसलो तेव्हा एक दिवस डाव्या कानाशी येऊन आमच्या अहिराणीत ओरडली, "तुम्हना कान ग्यात, आते लोकेसना तरी वाचाडूत!" तुमचे गेले, आता लोकांचे तरी वाचवू. त्यातून हा धंदा निघाला.

नुसते बोळे विकायचे नव्हते तिला. सुरतेत लूमवर यापुढं एकही माणूस बहिरा होता कामा नये, असं ती म्हणायची. शेजारणी हसायच्या.

"एवढं मोठं सुरत, आणि तू एकटी?"

"एकटी कशानं? हे आहेत ना."

आणि माझ्याकडे बोट. मी मान हलवायचो. काय कबूल केलं ते नंतर कळायचं.

गल्लीतल्या चार बायका तिनं हाताशी घेतल्या. गळ्यात अडकवता यावी म्हणून जोडी दोऱ्यात ओवायची. पाळी बदलताना ही खात्याच्या गेटवर. कारीगर चिडवायचे, "मावशी, इथं नको, घरी घालतो. बायको बोलायला लागली की."

"घाल. तिलाही एक जोडी ने, तुझ्या घोरण्यासाठी."

घेतले पुष्कळांनी, घातले थोड्यांनी. त्यांचंही खरं होतं. धागा तुटला की लूमचा आवाज बदलतो, कारीगराचा कान तिकडं असतो. बोळे घातले की ते कळत नाही, कापड बिघडतं. खात्यावर देखरेख करणाऱ्या एका मास्तरनं तिच्यासमोर अख्खी पिशवी गटारात ओतली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला विचारलं, "तुम्हाला तर कितीतरी वर्षं ऐकू येत नव्हतं. मग धागा तुटलेला कसा कळायचा?"

"कळायचा," म्हणालो आणि उठून गेलो.

बहिरेपण मी खात्यात लपवलं होतं. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी. ती सवय अशी लागली की खात्यात कसं निभावलं ते सांगायला पुढं तिच्यापाशीसुद्धा तोंड उघडेना. मूर्खपणा होता, दुसरं काय.

शेवटी उधन्याचा एक शेठ तयार झाला. एक दिवस सगळी पाळी बोळे घालेल. कापड चांगलं निघालं तर त्याच्या सगळ्या खात्यांत बोळे लागतील, नाहीतर परत गेटवर यायचं नाही. त्याच दिवसासाठी आम्ही त्या सकाळी वळत होतो. उद्याच जायचं होतं.

दुपारी ती म्हणाली, जरा पाठ टेकते. चहाच्या वेळेला उठवायला गेलो तर हलेना. मला वाटलं, काहीतरी बोलतेय आणि मला ऐकू येत नाही. तोंडाकडे बघत बसलो. ओठ हलले नाहीत. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

सकाळी मी पायात चपला घातल्या तसा माझा भाऊ दारात आडवा आला. "सुतकात कुठं निघालास?"

"तिनं शब्द दिलाय."

पिशवी घेऊन उधन्याला गेलो. गेटवर विचारलं, मावशी कुठं? सांगितलं, काल गेली. मग शेठपुढं, मास्तरपुढं सांगून टाकलं, की मी बहिऱ्यानं लूम चालवली, वर्षानुवर्षं, आणि तुम्हाला पत्ता लागला नाही.

आत गेलो. पहिल्या कारीगराच्या कानात बोळे घातले आणि त्याचा तळहात धरून चालत्या लूमच्या चौकटीवर ठेवला. हाताला ती थरथर ओळखू येऊ दिली. मग त्याच्या पाठीमागून जाऊन, त्याला दिसणार नाही असा एक धागा तोडला.

हाताखालची थरथर बदलली, तशी त्यानं मशीन बंद केली. मी दुसऱ्या लूमकडे गेलो.