तसबिरीमागचा तडा

“देवा, माफी असावी,” असं म्हणत ते चपला दाराबाहेर काढायचे, भिंतीवरची गणपतीची तसबीर उतरवायचे, आणि मागे तडा सापडायचाच.

ते नगरपालिकेचे ओव्हरसीअर. दर वर्षी पावसाआधी आमच्या मिठागराच्या चाळीत यायचे. चाळ खाडीच्या खाऱ्या वाळूनं बांधलेली, भिंतींवर गिलावा टिकत नव्हता. ज्या खोलीला ‘राहण्यास अयोग्य’ असा कागद लागला, ती रिकामी करायची. जायचं कुठे, ते कागदावर नसायचं. म्हणून ते येणार कळलं की आम्ही तड्यांवर देव टांगायचो. सरकारी माणूस देवाला हात लावणार नाही, अशी आमची अक्कल.

शेजारची कुंदा म्हणायची, “सायेब, पाप लागंल.”

“लागू दे. छत पडलं तर देव मला विचारील, तुला नाही.”

मग तसबीर बाहीनं पुसून जागेवर लावायचे. तुमच्याकडेही असा कागद चिकटवणारा येत असेल. तो तसबीर पुसतो का, बघा.

माझा नवरा वारला, त्या वर्षी मधल्या भिंतीच्या तड्यावर मी त्याचा फोटो लावला. पलीकडे कुंदाच्या बाजूला नवा गिलावा होता, तिथून काही दिसत नव्हतं. ओव्हरसीअरनी फोटोकडे हात नेला.

“वर्षश्राद्ध व्हायचं हाय,” मी म्हटलं. “तवर फोटो हलवायचा न्हाय.”

असा काही रिवाज नाही. मी बनवला.

त्यांनी हात मागे घेतला. “बरं, मावशी. मागे काही नाही ना?”

“काय न्हाय.”

माझ्या खोलीला कागद लागला नाही. श्रावणात ती भिंत पलीकडे पडली, कुंदाच्या अंगावर. तिचे पाय गेले.

चौकशीत मोठ्या साहेबांनी मला विचारलं, “यांनी भिंत तपासली होती का?” ओव्हरसीअर समोरच उभे होते. खरं सांगितलं असतं तर त्यांची नोकरी वाचली असती, पण चूक नगरपालिकेची ठरली तरच मला बदलीची खोली मिळणार होती.

“दारातनंच बघून गेले,” मी म्हटलं.

ते मला खोटं पाडू शकले असते. “मावशी म्हणतात ते बरोबर आहे,” एवढंच बोलले.

नोकरी गेली. कुणी म्हणतं तळा गावी भावाकडे असतात, कुणी म्हणतं न्हावा शेव्याला गोदामावर. मी शोध घेतला नाही.

नव्या चाळीतही कुंदा माझ्या शेजारीच आहे. तिचं जेवण मीच करते. जेवताना ती कधीकधी विचारते, “एवढा बारीक नजरेचा मानूस, न बघता कसा गेला गं?”

मी तिला अजून भात वाढते.