अक्काची मनगटं

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. अक्काच्या हातचे मांडे खाल्ले नाहीत असा पारोळ्यात आमच्या गल्लीत एकही जावई नव्हता. अक्का म्हणजे नवरा वारल्यावर माहेरी राहिलेली माझी आत्या. दोन्ही हातांवर ती मांडा असा झुलवायची की बघता बघता तो परातीहून मोठा व्हायचा आणि तापल्या खापरावर अलगद पडायचा.

एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर तिची मनगटं सुजली. सकाळी लुगड्याची गाठसुद्धा मारता येईना. माझं लग्न ठरलेलं आणि मला मांडे येत नव्हते, त्यामुळे काळजी मलाही होती, पण माझी काळजी जरा स्वार्थी होती.

गल्लीनं संधिवात ठरवून टाकला. एकीनं निरगुडी बांधली, दुसरीनं एरंडाचं पान, तिसरीनं मोहरीचा लेप. अक्काला कुणाचं मन मोडवत नसे. जी दारात दिसेल तिचं औषध मनगटावर, बाकीची दोन उशीखाली. एकदा तिघी एकदम आल्या, तर ही भर वैशाखात गोधडी ओढून झोपली.

शेवटी वडिलांनी तिला मोटारीनं धुळ्याला नेलं. मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी मनगटं दाबून पाहिली आणि मग चोळी काढायला लावली. छातीत डावीकडे सुपारीएवढी गाठ निघाली.

"ही कधीपासून?"

"ती ते वरीसभरपाईन शे. दुखत नही, मंग कसाले सांगू?"

मला तिचा इतका राग आला की मी तिथंच रडले. बाई म्हणाल्या, "आत कॅन्सर असला की कधी कधी सांधे असे सुजतात. गाठ काढू, मग बघू."

गाठ काढली आणि महिन्याभरात मनगटांची सूज उतरली. श्रेयावरून गल्लीत जुंपली. अक्का प्रत्येकीला एकटीला गाठून सांगायची, "तुनंच औषध लागू पडनं, माय." मला मात्र ती खापराजवळ फिरकू देईना. "तुना मांडा म्हंजे चायनी," असं म्हणून, माझ्या मांड्याला चाळणी ठरवून, हसायची. मी मांडे न शिकताच सासरी गेले.

दोन वर्षांनी आखाजीला माहेरी आले, तर तिची मनगटं पुन्हा सुजलेली. एरंडाची पानं घेऊन शेजारीण आली. अक्कानं तिला पहिल्यांदाच दारातून परत पाठवलं आणि मला हाक मारली.

"पीठ भिजाड. आज तुले मांडा शिकाडस."

माझे पहिले अकरा मांडे फाटले. अक्का एकदाही चाळणी म्हणाली नाही.